बर्फ फोडून वाट काढणारी अणुजहाजं



डिसेंबर-जानेवारीत आपल्या परभणीचं नाव पेपरात हमखास येतं. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा घसरला, मराठवाड्यात सगळ्यात जास्त थंडी परभणीत, अशी बातमी असते. अशाच एका सकाळी पोरं स्वेटर, मफलर, आईची शाल, जे हाताला लागलं ते गुंडाळून वर्गात बसली होती. एकानं विचारलं, "सर, यापेक्षा जास्त थंडी कुठं असती?" परिपाठ झाला होता, पहिला तास परिसर अभ्यासाचाच होता. म्हटलं चला, आज ध्रुवावर जाऊ. शाळेच्या टीव्हीवर मी एका जहाजाचा व्हिडिओ लावला. पांढऱ्याशुभ्र बर्फाच्या मैदानातून एक जहाज नांगर चालावा तसं चाललेलं, दोन्ही बाजूंना खोलीएवढे तुकडे उलटे होऊन पडताहेत. वर्ग चिडीचूप झाला. आणि मग मागच्या बाकावरच्या एका पोरानं, ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, प्रश्न टाकला, "सर, ह्याला डिझेल किती लागत असंल?"

ते जहाज डिझेलवर चालत नव्हतं, अणुशक्तीवर चालत होतं. एवढं सांगून सुटता आलं असतं, पण प्रश्न मोठा नामी होता. त्या प्रश्नावरच हा आजचा पाठ.

आधी जागा कळली पाहिजे. दक्षिण ध्रुवावर जमीन आहे आणि तिच्यावर बर्फ आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाहीच. तिथं समुद्र आहे, चार किलोमीटरपेक्षा जास्त खोल, आणि त्याच्यावर गोठलेल्या पाण्याचा पापुद्रा. पापुद्रा म्हणायचं खोलीच्या मानानं. नाहीतर तो दोन-तीन मीटर जाड असतो आणि वाऱ्यानं तुकडे एकमेकांवर चढले की त्याच्याही कितीतरी पट. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळं शून्याला गोठत नाही, साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. आपल्या परभणीपासून उत्तर ध्रुव सरळ रेषेत मोजला तर ७,८०० किलोमीटरपेक्षा थोडा जास्त भरतो. (अक्षांशावरून हा आकडा पाचवीच्या पोरांकडून काढून घेता येतो. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपण १९ अंशांच्या थोडं वर आहोत. बाकीचं त्यांना करू द्या.)

आपल्या लोकमान्य टिळकांनी वेदांचा अभ्यास करून आर्यांचं मूळ वसतिस्थान याच आर्क्टिक प्रदेशात असावं असा सिद्धान्त मांडला होता. त्यांचं ते इंग्रजी पुस्तक १९०३ साली आलं. आजचे अभ्यासक ते मत मान्य करत नाहीत, पण पुण्यात बसून सहा महिन्यांच्या दिवसाचा आणि सहा महिन्यांच्या रात्रीचा विचार करणारा माणूस आपल्यात होऊन गेला हे पोरांना सांगायला मला आवडतं.

आता या समुद्राच्या काठाकाठानं रशियाचा हजारो किलोमीटरचा किनारा आहे. युरोपच्या टोकाकडून निघून जपानकडं जायचं तर दोन वाटा. एक खालून, सुएझ कालव्यातून, आपल्या हिंदी महासागरातून वळसा घालून. दुसरी वरून, या बर्फातून. रशियाच्या मुर्मान्स्क बंदरापासून जपानच्या योकोहामापर्यंत सुएझवरून सुमारे २३,८०० किलोमीटर होतात, वरच्या वाटेनं सुमारे १०,७००. निम्म्यापेक्षा कमी! या वरच्या वाटेला उत्तरी सागरी मार्ग म्हणतात. अडचण एकच, वर्षातला बराच काळ ती वाट बंद असते. तिथं वाट करून देणारं जहाज म्हणजे आइसब्रेकर. मराठीत 'हिमभंजक' असा भारदस्त शब्द आहे. आमच्या वर्गानं त्याला 'बर्फफोड्या' म्हणून टाकलं आणि तेच मला जास्त पटलं.

पोरांना वाटतं की जहाज टोकानं बर्फाला धडक देतं आणि बर्फ फुटतो. मलाही आधी तसंच वाटायचं. पण तसं नाही. बर्फाला समोरून दाबलं तर तो फार दाद देत नाही, वाकवलं की मात्र लगेच मोडतो. घरी कडक झालेली ज्वारीची भाकरी घ्या. तिला दोन्ही कडांनी धरून आत दाबा, ती हाताला ऐकत नाही. टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर काढून वरून बोट दाबा, कट्कन मोडते. आइसब्रेकर हेच करतो. त्याचं नाक टोकदार नसतं, खालून तिरपं आणि गोलसर असतं. मागून जोर लावला की जहाज घसरत बर्फावर चढतं आणि मग त्याच्या हजारो टन वजनाखाली बर्फ वाकतो, मोडतो. म्हणून हे जहाज नुसतं ताकदवान असून भागत नाही, जडही असावं लागतं.

आम्ही हे करून पाहिलं. शाळेत फ्रिज नाही. अंगणवाडीच्या ताईंच्या घरून दोन परातींत पाणी गोठवून आणलं. रिक्षातून येईपर्यंत कडा वितळायला लागल्या होत्या, तरी काम झालं. स्टीलचा पेला आडवा धरून कडेनं ढकलला तर बर्फाचं अख्खं कालवण परातीत सरकत राहिलं, फुटलं नाही. तोच पेला वरून, कडेवर टेकवून दाबला तर तडा गेला. मुलींनी एक गोष्ट माझ्याआधी टिपली: तुटलेला तुकडा पेल्याला चिकटून बसतो आणि पुढं जाऊ देत नाही. खऱ्या जहाजालाही हाच त्रास होतो. म्हणून काही आइसब्रेकरांत पाण्याखालच्या भागातून दाबाखाली हवेचे बुडबुडे सोडतात. बुडबुडे वर येताना बर्फ आणि पत्रा यांच्यात पाण्याचा पातळ थर खेळता ठेवतात आणि घासणं कमी होतं. पत्राही साधा नसतो. १९७५ च्या 'आर्क्टिका' जहाजाच्या पुढच्या भागातलं पोलाद जवळजवळ पाच सेंटिमीटर जाड होतं. पंख्याची पाती बर्फावर आदळून तुटू शकतात, म्हणून जहाजावर सुटी पाती आणि पाणबुडे ठेवलेले असतात. आपण नांगराचा फाळ जवळ बाळगतो तसंच.

आता त्या डिझेलच्या प्रश्नाकडं. रशियाच्या नव्या अणु-आइसब्रेकरांच्या पंख्यांना मिळून ६० मेगावॉट ताकद मिळते. एवढी ताकद डिझेल इंजिनांनी दिवसभर द्यायची तर किती डिझेल? एका युनिटला साधारण २०० ग्रॅम धरू. ६० मेगावॉट म्हणजे ६०,००० किलोवॉट, म्हणजे तासाला १२ टन, दिवसाला २८८ टन. २०,००० लिटरचा एक टँकर धरला तर रोज १७ टँकर! पूर्ण ताकदीनं जहाज रोज चालत नाही हे खरं, पण दोन-तीन महिने बर्फात काढायचे तर हे डिझेल साठवायचं कुठं? साठवायचंच झालं तर जहाज नुसतं डिझेलची टाकी होऊन बसेल. बरं, वाटेत पंप नाही. मागच्या बाकावरचं पोरगं म्हणालं, "मग ते बंदच पडंल की सर." बरोबर. डिझेलचे आइसब्रेकर आहेत, पुष्कळ आहेत, पण ते बंदराजवळ, कमी जाडीच्या बर्फात, कमी दिवसांसाठी. लांबच्या कामाला त्यांचा दम पुरत नाही.

बहुतेक अणुजहाजांत दोन अणुभट्ट्या असतात. नव्या जहाजांतली प्रत्येक भट्टी १७५ मेगावॉट उष्णता देते, दोन्ही मिळून ३५०. युरेनियमच्या अणूचं केंद्रक फुटतं तेव्हा जी उष्णता निघते तिचा साधा हिशोब असा: एक मेगावॉट उष्णता दिवसभर मिळवायला जेमतेम एक ग्रॅम, किंवा त्याहून थोडं जास्त युरेनियम-२३५ खर्ची पडतं. म्हणजे दोन्ही भट्ट्या पूर्ण ताकदीनं दिवसभर चालल्या तरी खर्च चारशे ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातून आणलेल्या अर्धा किलो तूरडाळीच्या पुडीपेक्षा कमी. एकीकडं १७ टँकर आणि एकीकडं एक पुडी! फळ्यावर हे दोन्ही शेजारी लिहिलं तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो बाजूच्या वर्गातल्या मॅडमना ऐकू गेला. भट्टीत एकदा इंधन भरलं की पाच-सात वर्षं बघायला नको. जहाजाला बंदरात परत यावं लागतं ते इंधनासाठी नाही, माणसांच्या शिध्यासाठी. आणि शिधा सहा महिन्यांचा असतो.

अणुभट्टी थेट पंखा फिरवते असा मात्र समज करून घेऊ नका. आपल्याकडं गंगाखेडच्या पुढं परळीचं औष्णिक केंद्र आहे, त्याची चिमणी बऱ्याच पोरांनी पाहिलेली असते. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरते, टर्बाइन जनित्र फिरवते, वीज तयार होते. जहाजातही तेच, फक्त कोळशाच्या जागी अणुभट्टी. वीज तयार झाली की ती मोटारींना जाते आणि मोटारी तीन पंखे फिरवतात. एवढा लांबचा वळसा का? कारण बर्फात जहाज सारखं मागं-पुढं करावं लागतं. चढायचं, अडकलं की मागं यायचं, परत चढायचं. पंख्यात बर्फाचा तुकडा अडकला तर एकदम जोर बदलावा लागतो. विजेच्या मोटारीला हे सहज जमतं. आणि भट्टी? तिची बरीचशी उष्णता वायाच जाते. ३५० मेगावॉट उष्णतेतून वीज मिळते ती पाचव्या हिश्शाच्या आसपास. उरलेली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडून द्यावी लागते.

इथं आपल्या भागातली एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, यंत्रं होती, थंड करायला पाणी नव्हतं. आर्क्टिकमध्ये पाण्याचा तोटा नाही आणि तेही बर्फासारखं गार. जुन्या अणुजहाजांची रचना या थंड पाण्याच्या भरवशावरच केलेली आहे. त्यामुळं ती विषुववृत्त ओलांडून अंटार्क्टिकाकडं जाऊ शकत नाहीत, वाटेतल्या कोमट समुद्रात भट्टी नीट थंडच होणार नाही. जगातल्या सर्वात दणकट जहाजांना आपल्या मुंबईचा समुद्र सोसत नाही म्हणा ना.

या ताफ्याची सुरुवात 'लेनिन' नावाच्या जहाजापासून झाली. १९५७ मध्ये ते पाण्यात उतरलं, १९५९ मध्ये कामावर आलं. पाणबुड्या सोडल्या तर अणुशक्तीवर चालणारं जगातलं ते पहिलं जहाज. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं १९६९ मध्ये, म्हणजे त्याच्या दहा वर्षं नंतर. तीस वर्षं काम करून 'लेनिन' १९८९ मध्ये थांबलं आणि आता मुर्मान्स्क बंदरात त्याचं संग्रहालय झालंय. १७ ऑगस्ट १९७७ रोजी 'आर्क्टिका' बर्फ फोडत थेट उत्तर ध्रुवावर पोहोचलं. पाण्यावरून तिथं गेलेलं ते पहिलं जहाज. पुढं 'यमाल' आलं, ज्याच्या नाकावर शार्क माशाचा दातांचा जबडा रंगवलेला आहे (पोरांना हे जहाज लगेच आवडतं, चित्रकलेच्या तासाला द्या). 'तायमिर' आणि 'वायगाच' ही दोन जहाजं उथळ, मोठ्या नद्यांच्या मुखांत शिरण्यासाठी बांधलेली. त्यांचे सांगाडे फिनलंडमध्ये झाले आणि भट्ट्या रशियात बसवल्या. २००७ मध्ये 'पन्नास वर्षं विजयाची' अशा अर्थाच्या नावाचं जहाज आलं. ते उन्हाळ्यात प्रवाशांना ध्रुवावर नेतं आणि अलीकडं निवडक शाळकरी मुलांनाही.

नव्या पिढीतलं पहिलं जहाज २०२० मध्ये आलं, त्यालाही नाव 'आर्क्टिका'च दिलंय. मग 'सिबीर', 'उराल', आणि २०२५ च्या सुरुवातीला 'याकुतिया'. जुनी चार आणि नवी चार मिळून आठ. नवी जहाजं १७३ मीटर लांब, ३४ मीटर रुंद. आपल्या शाळेचं मैदान लांबीनं तीनदा मोजलं तरी पुरलं नाही. जवळजवळ तीन मीटर जाडीचा बर्फ ती फोडतात. त्यांची खास युक्ती म्हणजे टाक्यांत पाणी भरून किंवा काढून त्यांना साडेदहा मीटर खोल बसवता येतं किंवा साडेआठ मीटरच्या आसपास वर उचलता येतं. खोल समुद्रात जड व्हायचं, नदीच्या मुखाशी हलकं. म्हणजे पूर्वी दोन प्रकारच्या जहाजांचं काम आता एकच करतं. रोसअॅटम या रशियाच्या सरकारी अणुसंस्थेची अॅटमफ्लोट नावाची कंपनी मुर्मान्स्कमधून हा ताफा चालवते. असा नागरी अणुताफा जगात दुसऱ्या कोणत्याही देशाकडं नाही. मुर्मान्स्क ६९ अंश उत्तरेला आहे, हिवाळ्यात तिथं चाळीसेक दिवस सूर्य उगवत नाही, पण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळं बंदर गोठत नाही. म्हणूनच तळ तिथं.

रोजचं काम कसं चालतं? उपग्रहाचे नकाशे पाहून बर्फ कुठं पातळ आहे ते ठरवतात. गरज पडली तर हेलिकॉप्टर उडवून पुढं बघून येतात. मग आइसब्रेकर पुढं आणि मालवाहू जहाजं मागं एका रांगेत. शाळेच्या सहलीत पुढं गुरुजी आणि मागं पोरांची रांग, अगदी तशी. एका मुलीनं विचारलं, "सर, पुढचं जहाज गेल्यावर मागचा बर्फ परत मिटत नाही का?" मिटतो! हीच तर खरी कसरत. मागचं जहाज फार लांब राहिलं तर वाट बंद होते, फार जवळ आलं आणि पुढचं अचानक अडकलं तर आदळतं. अगदीच कठीण बर्फ असला तर आइसब्रेकरच्या मागच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात मालवाहू जहाजाचं नाक ओढून घट्ट बांधतात आणि दोन्ही एकत्र चालतात. नव्या जहाजावर माणसं पंचाहत्तरच्या आसपास, जुन्यांवर शंभरच्या वर. २०२५ मध्ये 'यमाल'वर मरीना स्तारोवोइतोवा या बाई कप्तान झाल्या, अणु-आइसब्रेकरच्या पहिल्या महिला कप्तान. हे सांगितलं तेव्हा मुलींच्या रांगेत टाळ्या पडल्या.

बर्फाचा भरवसा नसतो. १९८३ च्या शरद ऋतूत पूर्वेकडं बर्फ फार लवकर आणि फार जाड आला, डझनावारी जहाजं अडकली आणि 'नीना सगाइदाक' नावाचं मालवाहू जहाज बर्फाच्या दाबानं चेपून बुडालं. माणसं वाचली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये परत तसंच, वीसेक जहाजं अडकून पडली आणि त्यांना सोडवायला आइसब्रेकर पाठवावे लागले. हवा तापत असताना बर्फ लवकर कसा येतो, असं पोरं विचारतात. सरासरी वेगळी आणि एखादं वर्ष वेगळं. दुष्काळी तालुक्यातही एखाद्या वर्षी ओढ्याला पूर येतोच की.

अणुशक्तीची दुसरी बाजू झाकून ठेवणं मला पटत नाही. 'लेनिन'वर १९६० च्या दशकात भट्ट्यांमध्ये गंभीर अपघात झाले. त्या जुन्या तीन भट्ट्यांचा सगळा भाग कापून काढला आणि १९६७ मध्ये नोवाया झेमल्या बेटाजवळच्या उपसागरात बुडवून टाकला. आजही तो तिथं तळाशी आहे. नंतर जहाजावर नव्या दोन भट्ट्या बसवल्या आणि ते पुढं वीस वर्षं चाललं. २०११ मध्ये 'तायमिर'च्या भट्टीच्या थंड करणाऱ्या यंत्रणेत गळती झाली म्हणून त्याला काम सोडून मुर्मान्स्कला परतावं लागलं. वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं, ते पुडीएवढं असलं तरी. ही गोष्ट फळ्यावर त्या १७ टँकरच्या शेजारीच लिहिली पाहिजे, नाहीतर हिशोब अर्धवट राहतो.

आणि मला खटकतं ते वेगळंच. ही जहाजं स्वतः धूर सोडत नाहीत, पण ज्यांना वाट करून देतात त्यांच्यात मुख्य माल कोणता? यमाल द्वीपकल्पातला नैसर्गिक वायू, तेल, नोरिल्स्कच्या खाणींतलं निकेल. वायू आणि तेल जळून हवा तापते, हवा तापून बर्फ कमी होतो, बर्फ कमी झाला की आणखी जहाजं. २०२४ मध्ये या मार्गावरून जवळजवळ ३ कोटी ८० लाख टन माल गेला. भारत आणि रशिया यांच्यातही या मार्गाबद्दल बोलणी चालू आहेत. मुंबईहून युरोपला जायला ही वाट काही जवळची नाही, हे नकाशावर दोरा ठेवला की पोरांनाही कळतं. आपल्याला रस आहे तो तिकडून येणाऱ्या तेल-वायूत, खलाशांच्या प्रशिक्षणात, जहाजबांधणीच्या कामात.

आर्क्टिकशी आपलं दुसरं नातं विज्ञानाचं आहे आणि ते आपल्या शेजारच्या गोव्यातून चालतं. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. नॉर्वेच्या नी-आलेसुंद इथं, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला, भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आपले शास्त्रज्ञ पहिल्यांदा ऐन हिवाळ्यात, काळोखात तिथं राहायला गेले. या गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कारा समुद्रात, म्हणजे ज्या समुद्रात हे आइसब्रेकर सगळ्यात जास्त राबतात तिथंच, उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला तर मध्य भारतात पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, अतिवृष्टी होण्याशी त्याचा संबंध असू शकतो, असं त्यात दिसलं. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडं सोयाबीन काढणीला आलेलं असतं. त्या महिन्यातल्या पावसानं शेंगांना कोंब फुटलेले आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी स्वतःच्या रानात पाहिलेत, त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मग आम्ही जगाच्या नकाशावर कारा समुद्र शोधायला घेतला. वर्गातला नकाशा जुना आणि लहान, त्याच्यावर ते नाव छापलेलंच नव्हतं. नोवाया झेमल्याचं लांबट बेट तेवढं सापडलं. ट्रॅक्टरवाल्या पोरानं खुर्चीवर चढून त्याच्या उजव्या अंगाला निळ्या स्केचपेननं 'कारा समुद्र' लिहिलं आणि खाली छोटं जहाज काढलं. मुलींनी सांगितल्यावर त्याला दातही काढले.